शून्य नंबरचा चष्मा

मामाचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर असतानाच त्याला कळतं, हा फ्रेम घेणार की नुसतं काच पुसायचं फडकं घेऊन जाणार. मी दोन महिने त्याच्या नकळत नोंद ठेवली. एकशे चौदा गिऱ्हाइकांत त्याचा अंदाज बरोबर आला एकसष्ट वेळा. नाणं उडवत बसले असते तरी साधारण तेवढंच हाती लागलं असतं. हे मी त्याला सांगितलं नाही. दुकान त्याचं आहे, आणि भौतिकशास्त्राची पदवी व डोळे तपासायचा दीड वर्षाचा कोर्स एवढ्या जोरावर मला पहिली नोकरी त्यानंच दिली आहे. शिवाय त्या आठवड्यात मी स्वतः काय दिवे लावले ते आता सांगायचंच आहे.

आमचे जुने फिटरकाका हात थरथरायला लागले म्हणून बावीस वर्षांनी घरी बसले. फिटर म्हणजे काच फ्रेमच्या मापानं घासून नेमकी बसवणारा माणूस. तो नसला की चष्म्याचं दुकान म्हणजे नुसती शोकेसची रांग. मामानं दाराला पाटी लावली. चौघं येऊन गेले. पहिल्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं होतं, दुसरा फार बोलायचा, तिसरा बोललाच नाही आणि चौथ्याच्या स्वतःच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती.

"स्वतःच्या नाकावर दोरा, हा लोकांच्या नाकावर काय बसवणार?" मामा म्हणाला. चौघांपैकी एकाच्याही हातात त्यानं काच देऊन बघितली नाही.

पाचवा सोमवारी आला. वय चाळिशीचं, शर्ट इस्त्रीचा, मिशी बारीक आणि डोळ्यांवर काळ्या जाड फ्रेमचा चष्मा. मामा बघताक्षणी खुलला. माझ्या कानाशी वाकून, पण सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "याला म्हणतात माणूस! बॅरिस्टर वाटतो, बॅरिस्टर."

दुकानात त्याला तेच नाव पडलं.

"नंबर किती तुमचा?" मामानं विचारलं. आमच्या धंद्यात हा प्रश्न 'काय, कसं काय' इतकाच सहज असतो.

"असेल दीडेक." बॅरिस्टर भिंतीवरच्या फ्रेम बघायला वळला.

"लांबचा?"

"हो, लांबचाच."

"मग हिच्याकडून एकदा तपासून घ्या. आपल्या माणसाला फुकट."

"नको, नको. नुकताच तपासलाय."

मामानं फार ताणलं नाही. "शनिवारपर्यंत काम बघतो," तो म्हणाला. "शनिवारी दुपारी दुकान बंद करताना सांगीन, राहायचं की नाही. तुम्ही बसवलेला प्रत्येक चष्मा माझी ही भाची मोजणार. तिनं हो म्हटलं की माझं हो."

बॅरिस्टरनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसते डोळे फिरवून दिसले असते एवढ्या अंतरावर मी उभी होते. तरी त्यानं सगळी मान वळवली.

तो आत कामाला गेल्यावर मामी गल्ल्यामागून म्हणाली, "मला नाही आवडला."

"तुला कोण आवडतं?" मामा.

"बोलतो तुमच्याशी आणि बघतो भलतीकडे. नजर चोरतो मेला."

"अगं, नम्र आहे."

"आणि मला डोळा मारल्यासारखं केलं त्यानं. एकच पापणी मिटली. मी बघितलं."

मामानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "या वयात तुला कोण डोळा मारतंय?"

मामीनं दिवसभर त्याला चहा विचारला नाही. म्हणजे मामाला.

मला त्याच दुपारी एक गोष्ट दिसली, आणि ती दिसली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. लांबच्या नंबरचा चष्मा घातलेल्या माणसाकडे थोडं बाजूनं बघावं. काचेतून दिसणारी त्याच्या गालाची कड काचेबाहेरच्या कडेपेक्षा आत सरकलेली असते. चेहऱ्याला तिथं खाच पडल्यासारखी दिसते. नंबर जितका मोठा, तितकी खाच खोल. बॅरिस्टर खिडकीपाशी बसून स्क्रू आवळत होता आणि त्याच्या गालाची रेघ काचेच्या आत-बाहेर सलग होती, तावदानातून दिसावी तशी. मी फ्रेम ठेवायच्या निमित्तानं दोनदा तिथून गेले. तिसऱ्यांदा दुसऱ्या बाजूनं बघावं म्हटलं, तर त्या बाजूला भिंत होती.

त्याच्या चष्म्याला नंबर नव्हता. शून्य.

आता, दिसायला बरं म्हणून शून्य नंबरचा चष्मा घालणारी माणसं असतात. कॉलेजातली पोरं घालतात. पण चष्म्याच्या दुकानात नोकरी मागायला आलेला माणूस शून्याला दीड का सांगेल? मी माझ्या सवयीप्रमाणे निरीक्षणं लिहायला घेतली.

एक तर, त्यानं आल्या आल्या स्टूल हलवलं होतं. फिटरकाका भिंतीकडे तोंड करून बसायचे. हा डावी बाजू भिंतीला लावून बसला. तिथून दुकानाचं दार आणि नंबरवहीचं कपाट दोन्ही दिसत होतं. स्क्रूड्रायव्हर टेकवण्याआधी तो प्रत्येक स्क्रूला बोटानं हात लावायचा. पाणी ओतायचा ते भांड्याची चोच ग्लासाच्या काठावर टेकवून.

"हिशेबी आहे," मामी म्हणाली. "एक थेंब सांडत नाही. असली माणसं फार पुढचं बघून असतात."

मी मामीला चष्म्याचं सांगून टाकलं. हे करायला नको होतं. मामाला सांगायला हवं होतं किंवा कोणालाच नाही.

"म्हणजे सोंग!" मामीनं हातातली पट्टी गल्ल्यावर आपटली. "अगं, वेष पालटून आलाय तो. समोरच्यांचा माणूस आहे."

समोरचं दुकान चार महिन्यांपूर्वी उघडलं होतं. आमच्या तिप्पट रुंद, आत एवढा उजेड की फ्रेमच्या सावल्याच पडत नाहीत. ते आल्यापासून आमची गिऱ्हाइकं कमी झाली होती. आमच्याकडे एकच गोष्ट होती जी त्यांच्याकडे नव्हती: नंबरवही. तीस वर्षांत आमच्याकडे चष्मा केलेल्या प्रत्येकाचा पत्ता, फोन, डोळ्याचा नंबर, तो कधी बदलला, सगळं मामाच्या अक्षरात. मामीच्या मते बॅरिस्टरला ती वही उतरवून घ्यायला पाठवलं होतं.

मंगळवारी तो खरंच कपाटापाशी वही काढून उभा दिसला.

"काय बघताय?" मी विचारलं.

तो दचकला. मी डावीकडून गेले होते, त्याला कळलंच नव्हतं. "या गिऱ्हाइकाच्या जुन्या काचेचा कोन बघतोय, ताई. नव्यात फार फरक दिसला, म्हणून."

कोन खरोखर चुकला होता, आमच्याच नव्या चिठ्ठीत. त्यानं तो पकडला होता. माझ्या टिपणात मी एवढंच लिहिलं: 'वही काढली. जवळ गेल्यावर दचकला.' चूक पकडल्याचं लिहायचं राहून गेलं.

काम मात्र चोख होतं. मी प्रत्येक चष्मा यंत्राखाली धरायची आणि काहीतरी सापडावं अशी वाट बघायची. नंबर बरोबर, कोन बरोबर, दोन बाहुल्यांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत. बुधवारी त्यानं बिनकडांचा चष्मा केला. त्यात काचेलाच भोक पाडावं लागतं, आणि फिटरकाकांच्या हातूनही दहात एक तडकायची. याची तडकली नाही. मी मामीला सांगितलं तर ती म्हणाली, "तरबेज असणारच. नवशिक्याला कोण पाठवेल?"

गंमत म्हणजे हे मलाही पटलं. तो चुकला असता तरी संशय आला असता, चुकला नाही म्हणूनही आला. प्रयोगशाळेत कोणी असा निष्कर्ष मांडला असता तर मी त्याची वही परत केली असती.

गुरुवारी दोन गोष्टी झाल्या, एकाच तासात.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बॅरिस्टर बाहेर पडला. मामीनं मला कोपरानं ढोसलं. तो रस्ता ओलांडून सरळ समोरच्या दुकानात शिरला. सात मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक मोठं पाकीट होतं. आमच्या दारापाशी येताच त्यानं ते शर्टाच्या आत सरकवलं.

"आता बोल," मामी म्हणाली.

तेवढ्यात मुख्याध्यापक बाई आल्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी सगळा रस्ता त्यांना याच नावानं ओळखतो आणि त्यांच्यासमोर सरळ उभा राहतो. त्यांचे डोळे तपासले. उजव्याला एक, डाव्याला साडेतीन. आमचं चिठ्ठ्यांचं छापील पॅड संपलं होतं. त्यावर डोळ्यांच्या दोन वर्तुळांखाली 'उ' आणि 'डा' अशी अक्षरं छापलेली असतात. मी कोऱ्या कागदावर दोन वर्तुळं काढली, आत नंबर लिहिले आणि कागद बॅरिस्टरच्या टेबलावर ठेवला. माझं लक्ष त्याच्या शर्टाखालच्या पाकिटाच्या कोपऱ्याकडे होतं.

थोड्या वेळानं तो कागद घेऊन आला. "ताई, ही वर्तुळं घालणाऱ्याच्या बाजूनं काढलीत की बघणाऱ्याच्या?"

डोळे तपासणारा समोरून बघतो, म्हणून आम्ही उजवा डोळा कागदावर डावीकडे काढतो. काही दुकानांत घालणाऱ्याच्या बाजूनं काढतात, तिथं उजवा उजवीकडे. प्रश्न अगदी रास्त होता. पण मला वाटलं, याला हेही माहीत नाही! म्हणजे फिटरचंही सोंगच.

"सगळीकडे काढतात तशीच," मी म्हणाले.

त्यानं कागद पुन्हा एकदा पाहिला. मग मान हलवून गेला.

शुक्रवारी बाईंचा चष्मा तयार झाला. मी मोजला. एक आहे, साडेतीन आहे. बरोबरची खूण केली. कुठल्या बाजूला एक आणि कुठल्या बाजूला साडेतीन हे बघायचं असतं, आणि ते मी रोज बघते. त्या वेळी मी मान वाकडी करून दाराच्या फटीतून बघत होते, की तो वहीच्या कपाटाकडे जातो का.

शनिवारी अकराच्या सुमाराला बाई परत आल्या. मामा काचांचं पार्सल सोडवायला गेला होता.

"काल हा घातला आणि आमच्या जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम उतरले," बाई म्हणाल्या. "कठड्याला धरलं म्हणून आज इथं उभी आहे. डोकं गरगरतंय ते वेगळंच. तुम्ही चष्मे करता की पाळणे?"

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, चष्मा यंत्राखाली धरला. उजवीकडे साडेतीन, डावीकडे एक. उलट.

मामी माझ्या मागेच उभी होती. "मुद्दाम केलंय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "दुकानाचं नाव घालवायला. आता मामा यायच्या आत विचार त्याला. आणि मामा आला की स्पष्ट नाही म्हणून सांग."

मी आत गेले.

"बाईंच्या काचा उलट बसवल्यात."

बॅरिस्टरनं तारेला टोचलेल्या चिठ्ठ्यांतून माझा कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. दोन वर्तुळं. अक्षरं नाहीत. "चिठ्ठीप्रमाणे आहे, ताई. माझ्या जुन्या दुकानात घालणाऱ्याच्या बाजूनं काढायचे. तुम्ही म्हणालात, सगळीकडे काढतात तशीच."

खरं होतं. म्हणूनच बहुधा माझा आवाज चढला. "तुमच्या चष्म्याला नंबर नाही. तुम्ही दीड सांगितलात. तपासून घ्यायला तयार नाही. समोरच्या दुकानात जाऊन पाकिटं आणता, ती लपवता. तुम्ही नक्की आहात कोण?"

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हात पुसले. मग उठला.

"तपासायच्या खोलीत चला," तो म्हणाला. "सोमवारपासून तुम्हाला माझ्या डोळ्यांत बघायचंय. बघा."

ती खोली लहान आहे आणि दिवा बंद केला की पूर्ण काळोख होतो. त्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी हातातल्या यंत्रानं उजेडाची पट्टी त्याच्या उजव्या डोळ्यात सोडली. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून उजेड परत येतो आणि बाहुली तांबूस उजळते. दिवसातून वीसदा मी हे बघते आणि वीसही वेळा मला ते आवडतं. उजवी बाहुली उजळली. मी पट्टी डावीकडे नेली.

काहीच परत आलं नाही. वरवर एक पांढरा ठिपका चमकला, एवढंच. रंगवलेल्या बटणावर बॅटरी मारावी तसं. बुबुळाच्या रेषा फार सुरेख रंगवलेल्या होत्या.

मी दिवा लावायला विसरले. काळोखातच तो बोलला.

"चाकावर काच घासताना फुटली. सहा वर्षं झाली. तेव्हा चष्मा नव्हता. नंबरच नव्हता, तर कशाला घालायचा? नंतर डॉक्टर म्हणाले, आता एकच उरलाय, त्याच्यापुढे कायम काच पाहिजे. म्हणून हा. शून्याचाच आहे. तुम्ही बरोबर ओळखलंत."

"मग मामाला सांगितलं का नाही?"

"समोर सांगितलं होतं. मागच्या आठवड्यात. दारातच सांगितलं. कागदपत्रं ठेवून घेतली, 'कळवतो' म्हणाले. गुरुवारी फोन आला, कागदपत्रं घेऊन जा. पाकिटात तेच आहे. माझे दाखले. त्याच्या आधी पाच दुकानं. सगळीकडे आधी डोळा सांगितला, मग हात दाखवायची वेळच आली नाही. इथं ठरवलं, आधी हात दाखवू."

"आणि आज सांगणार होतात?"

"ते नक्की नव्हतं."

त्या उत्तरामुळे मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पूर्ण नाही. पाकीट उघडून बघावं असं मनात आलं, हेही खरं. मी ते मागितलं नाही.

खोलीचं दार उघडलं तर मामा पार्सल काखेत धरून उभा होता आणि मामी त्याच्या कानाशी. तिचं सगळं सांगून झालं होतं: सोंग, पाकीट, उलटा चष्मा. मामाचा चेहरा पडला होता. रागापेक्षा फजिती जास्त दिसत होती.

"काय ऐकतोय मी?" तो बॅरिस्टरला म्हणाला.

बॅरिस्टरनं चष्मा घालायच्या आत मामाकडे सरळ तोंड केलं. "डावा डोळा खोटा आहे. काचा उलट बसल्या ते खरं आहे. समोरच्या दुकानाशी माझा काही संबंध नाही, त्यांनी मला घेतलं नाही."

मध्येच मामी म्हणाली, "म्हणजे डोळा मारला नव्हता?"

"कोणाला?" बॅरिस्टर गोंधळला.

"काही नाही. राहू दे."

"कोरडा पडला की ती पापणी आपोआप मिटते," तो म्हणाला. मामी एकदम शोकेस पुसायला लागली.

मामानं पार्सल खाली ठेवलं. "मी तुम्हाला नंबर विचारला होता. तोंडावर विचारला होता. खोटं कशाला बोललात? खरं सांगितलं असतं तर काय मी नाही म्हटलं असतं?"

शोकेसकडे तोंड करूनच मामी म्हणाली, "म्हटलं असतंत."

"तू गप्प बस."

"अहो, दोरा बांधलेल्याला तुम्ही पायरीवरून पाठवलंत. याला काय आत घेऊन बसवलं असतंत? आणि मी काही त्याची बाजू घेत नाहीये. मला अजूनही तो आवडलेला नाही. पण तुम्ही नाहीच म्हटलं असतंत."

मामा माझ्याकडे वळला. "तू सांग. तुझ्या शब्दावर ठेवलं होतं मी."

मी तपासणीची वही आणून त्याच्यासमोर उघडली. आठवड्यात एकतीस चष्मे. प्रत्येकापुढे माझ्या अक्षरात आकडे. "तीस बरोबर आहेत," मी म्हणाले. "मंगळवारचा एक आपण चुकीचा लिहिला होता, तो यांनी पकडला. एकतिसावा बाईंचा. चिठ्ठीवर उ-डा लिहिलं नव्हतं, मी. त्यांनी येऊन विचारलं, तर धड उत्तर दिलं नाही, मीच. शेवटी मोजताना बाजू बघितली नाही, तेही मीच. माझं लक्ष यांच्यावर होतं."

"कशासाठी?"

"ते चोर वाटत होते."

हे बॅरिस्टरसमोर म्हणायचं नव्हतं, पण म्हटलं गेलं. तो खाली बघत आपली हत्यारं कापडात गुंडाळत होता. पूर्वी पाहिलेलं नसतं तर मला वाटलं असतं की सावकाश गुंडाळतोय. तो प्रत्येक हत्याराला आधी बोट लावून बघत होता.

मामा वही चाळत राहिला. "चष्म्याच्या दुकानात एका डोळ्याचा फिटर," तो शेवटी पुटपुटला. "लोक काय म्हणतील? गिऱ्हाइकाला कळलं तर?"

"गिऱ्हाईक पायरीवर असताना ओळखता तुम्ही," बॅरिस्टर म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी सहा दिवस तुमच्या समोर बसलोय."

मामाचे कान लाल झाले. त्यानं वही मिटली, परत उघडली. बुधवारच्या बिनकडांच्या चष्म्यावर बोट ठेवलं. "याला भोक पाडताना तडकली नाही?"

"नाही."

"एका डोळ्यानं अंतर कसं कळतं?"

"नाही कळत. म्हणून हात लावून बघतो. ज्यांना दोन असतात ते अंदाजावर जातात."

बाहेरून बाईंचा आवाज आला. "अहो, कोणी आहे का आत? की मी आता पांढरी काठी घेऊ?"

मामा चपापला. "बाईंचा चष्मा आधी करून द्या," तो बॅरिस्टरला म्हणाला.

बॅरिस्टरनं हत्यारांची गुंडाळी सोडली नाही. "सोमवारचं काय?"

"आधी चष्मा करा."

"आधी सोमवारचं सांगा. चष्मा झाल्यावर मला काही विचारता येणार नाही."

मामानं माझ्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. मामीनं खांदे उडवले. "दहाला उघडतं दुकान," मामा शेवटी म्हणाला. "आणि यापुढे मला जे सांगाल ते खरं सांगायचं."

"विचाराल ते खरं सांगीन," बॅरिस्टर म्हणाला. दोघांच्या वाक्यांत फरक होता, आणि तो मामाच्याही लक्षात आला असं मला वाटलं. पण त्यानं ते तिथंच सोडलं.

दोन्ही काचा वेगळ्या मापानं घासलेल्या, म्हणून नुसत्या अदलाबदलीनं भागणार नव्हतं. पार्सलमधून नवी जोडी काढावी लागली. चाळीस मिनिटं चाक फिरत होतं. त्यानं चष्मा स्वतः बाहेर नेला आणि बाईंच्या नाकावर बसवला, काड्या कानामागे वाकवून पाहिल्या. बाईंनी समोरच्या दुकानाची पाटी वाचली, मग कॅलेंडर, मग त्याचा चेहरा.

"आता दिसलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "कुठल्या शाळेत होतात? शिक्षक दिसता अगदी."

मामानं माझा श्वास ऐकला असेल, मी त्याचा ऐकला.

"नाही बाई. या चष्म्यामुळे वाटतं," बॅरिस्टर म्हणाला. "हा शून्य नंबरचा आहे. माझा एक डोळा काचा घासताना गेला, उरलेल्याला जपायला घालतो."

बाईंनी मान मागे घेतली. त्याच्याकडे एकदा बघितलं, मग स्वतःचा चष्मा काढून हातात धरला. दोन्ही काचा उजेडाला लावून पाहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. ती मी ओळखली, आठवडाभर माझ्याच कपाळावर होती.

"म्हणजे कालचं ते उलटसुलट..." त्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या. "त्याचमुळे का?"

मामा खोकला. त्यानं काही सांगितलं नसतं. बॅरिस्टरनंही नसतं सांगितलं. तो माझ्याकडे बघतही नव्हता.

"नाही बाई," मी म्हणाले. "त्यांनी मला विचारलं होतं. मी नीट सांगितलं नाही, आणि नंतर मोजताना बाजूही बघितली नाही. चूक माझी आहे."

"तुझी?" बाईंनी माझ्या पांढऱ्या कोटाकडे, खिशातल्या दोन पेनांकडे पाहिलं. "तू तर चांगली शिकलेली दिसतेस."

त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला. "परत मोज. इथं, माझ्यासमोर. आणि कुठली कुठली आहे ते मोठ्यानं म्हण."

मी यंत्र गल्ल्यावर आणून ठेवलं आणि चष्मा त्याखाली धरला. एका बाजूनं बाई बघत होत्या, दुसऱ्या बाजूला बॅरिस्टर सगळी मान वळवून माझ्या हातांकडे बघत होता.

"उजवी, एक," मी म्हणाले.

"मोठ्यानं," बाई म्हणाल्या.